दंतकथेची जन्मतारीख

कुंगफू मूळ आपलंच, असं आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. दक्षिण भारतातला बोधिधर्म नावाचा राजपुत्र संन्यास घेऊन चीनला गेला. शाओलिन मठातले भिक्षू ध्यानाला बसले की पेंगतात हे पाहून त्याने त्यांना अंग कमावण्याचे काही प्रकार शिकवले, आणि त्यातूनच आधी कुंगफू व पुढे कराटे जन्माला आलं. कराटेच्या वर्गात पिवळा पट्टा मिळायच्या आतच ही गोष्ट पोरांच्या कानावर पडते. व्हॉट्सॲपवर ती अधूनमधून नव्याने फिरते, २०११ साली तमिळमध्ये बोधिधर्मावर एक मोठा चित्रपट येऊन गेला, आणि व्यासपीठावरच्या वक्त्यांना तर ती फारच सोयीची आहे. खुद्द चिनी लोकांनीही ती प्रेमाने सांभाळली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल शंका घेणारा माणूस दोन्ही देशांत सारखाच नावडता ठरतो.

ती इतिहास म्हणून टिकत नाही, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलंय. पण ‘ही भाकडकथा आहे’ असं म्हणून हात झटकणारेही मला तितकेच घाईचे वाटतात. दंतकथेलाही जन्मतारीख असते. ती कोणत्या वर्षी, कुणाच्या हातून, कुणाच्या सोयीसाठी कागदावर उतरली हे शोधलं की तीच दंतकथा पुराव्याच्या कामी येते. फक्त तो पुरावा ज्या काळाबद्दल ती बोलते त्या काळाचा नसतो, ज्या काळात ती रचली गेली त्या काळाचा असतो. चिनी युद्धकलांच्या बाबतीत हे काम इतकं रंजक आहे, की मूळ दंतकथा त्यापुढे फिकी पडते.

आधी बोधिधर्म. त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमाराचा, लुओयांग शहरातल्या बौद्ध मठांचं वर्णन करणाऱ्या यांग श्वानझी या अधिकाऱ्याच्या ग्रंथातला. तिथे तो पश्चिमेकडून, पर्शियाकडून आलेला भिक्षू आहे. स्वतःचं वय दीडशे सांगतो, आणि योंगनिंग मठाचा उत्तुंग स्तूप पाहून हात जोडून दिवसच्या दिवस नामस्मरण करत राहतो. बस्स, एवढंच. हा मठ ५१६ साली बांधला आणि ५३४ साली जळाला, त्यामुळे ही भेट त्या दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी झाली असणार. मग जवळजवळ शंभर वर्षांनी, ६४५ साली, दाओश्वान नावाच्या भिक्षूने थोर भिक्षूंची चरित्रं लिहिली. त्यात बोधिधर्म दक्षिण भारतातला, ब्राह्मण कुळातला झाला. पल्लव घराणं, कांचीपुरम वगैरे तपशील या दोन्ही ग्रंथांत नाहीत. हाणामारी, व्यायाम, श्वसनाचे प्रकार यांचा तर मागमूस नाही. शाओलिन मठाशी त्याचं नातं जुळायलाही आठवं शतक उजाडावं लागलं. त्याआधीचे लेखक त्याला त्या डोंगराळ मुलखात फार तर फिरवतात, मठात बसवत नाहीत.

शिवाय चीनला मुठी वळायला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज होती, हे गृहीतकच गमतीचं आहे. पहिल्या शतकात संकलित झालेल्या हान राजवटीच्या इतिहासात एक ग्रंथसूची आहे. तिच्यात लष्करी कौशल्यांच्या भागात निःशस्त्र झुंजीवरच्या सहा प्रकरणांच्या एका ग्रंथाची नोंद आहे. ग्रंथ हरवला, नोंद राहिली. बोधिधर्माच्या चार शतकं आधीची ही गोष्ट. आणि इकडे केरळातल्या ज्या कळरीपयट्टू या युद्धकलेतून कुंगफू निघालं असं सांगितलं जातं, तिचं आज ओळखू येणारं रूप अभ्यासक साधारण अकराव्या-बाराव्या शतकापर्यंतच मागे नेतात. नातू आजोबाच्या लग्नाला हजर होता, असं म्हणण्यापैकीच हा प्रकार.

मग बोधिधर्माच्या हाती व्यायामाचं पुस्तक दिलं कुणी? १६२४ साली. तिआनताई पर्वतावरच्या एका ताओपंथी माणसाने टोपणनावाने ‘यीजिन जिंग’ नावाची पोथी लिहिली. स्नायू आणि कंडरा पालटून टाकणारं सूत्र, असा तिचा डौल. पोथीला वजन यावं म्हणून तिच्यापुढे दोन प्रस्तावना जोडल्या. पहिली तांग राजवटीचा विख्यात सेनापती ली जिंग याच्या नावावर, तारीख इ. स. ६२८. दुसरी सोंग काळातला सरदार न्यू गाओ याच्या नावावर, तारीख ११४२. पहिलीत कथा अशी: बोधिधर्म नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, जाताना एक लोखंडी पेटी मागे ठेवून गेला, पेटीत दोन ग्रंथ निघाले, त्यातला एक हा. भारतीय लिपीतला तो मजकूर कुणाला वाचता येईना, तेव्हा एक भिक्षू देशभर वणवण फिरला आणि शेवटी त्याला भाषांतर करून देणारा भारतीय साधू भेटला.

बनावट कागद करणाऱ्याने इतिहास जरा तरी वाचलेला असावा लागतो. याने तो वाचला नव्हता. पहिल्याच ओळींत त्याने वेई सम्राट श्याओमिंगच्या कारकिर्दीला ‘ताइहे’ असं वर्षनाम, म्हणजे कालगणनेसाठी सम्राट जे नाव ठरवतो ते, दिलं, जे मुळात श्याओवेन या आधीच्या सम्राटाचं. पुढे ली जिंग सांगतो, की ही पोथी मला ‘कुरळ्या दाढीच्या पाहुण्या’कडून मिळाली. हा पाहुणा म्हणजे तांग काळाच्या अखेरीस रचल्या गेलेल्या एका अद्भुतकथेतलं पात्र! ली जिंगला मरून शतकं लोटल्यावर ही कथा झाली, आणि तिच्यात खुद्द ली जिंगही एक पात्र आहे. म्हणजे सेनापती आपल्याच काल्पनिक मित्राकडून पुस्तक घेतोय. न्यू गाओ तर आपल्या प्रस्तावनेत सरळ लिहून मोकळा होतो, की मी लढवय्या माणूस, मला एक अक्षरही वाचता येत नाही. तरीही प्रस्तावना मात्र ऐटबाज.

हे सगळं लक्षात यायला विसावं शतक लागलं नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला विद्वान लिंग थिंगकान याने ही पोथी वाचून कपाळावर हात मारला होता आणि हे कुणा अर्धवट गावमास्तराचं काम असल्याचं म्हटलं होतं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘पुरावे मागणं ही पाश्चात्त्यांची खोड, पूर्वेकडे श्रद्धेने चालतं’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याला हा चिनी पंडित दोन शतकांपूर्वीच उत्तर देऊन गेला आहे.

पण पोथी बनावट ठरवून थांबलो तर निम्मीच गोष्ट हाती लागते. तिच्यात ठोसे-लाथा नाहीतच. अंग चोळणं, लाकडी मोगरीने आणि दगड भरलेल्या पिशवीने शरीर ठोकून घेणं, श्वास पोटात साठवणं असे प्रकार आहेत. मिंग राजवट मोडकळीला आलेल्या त्या शतकात ताओपंथी श्वसनसाधना आणि हातांची झुंज या दोन वेगळ्या वाटा एकमेकींत मिसळत होत्या. बळ कमावणं आणि निर्वाण मिळवणं हे एकाच साधनेत बसवण्याची धडपड चालली होती. त्या नव्या मिश्रणाला जुनं नाव हवं होतं. ताओपंथी माणसाने बौद्ध संताच्या तोंडी आपली साधना घातली, यातच त्या काळचं धार्मिक वातावरण कळतं. सहाव्या शतकाबद्दल ही पोथी काहीच सांगत नाही, सतराव्याबद्दल मात्र ती फार मोलाची आहे.

आणि शाओलिनचे भिक्षू स्वतः तोवर काय मानत होते? बोधिधर्म त्यांच्या ध्यानपंथाचा आदिपुरुष होता, पण लढण्याच्या विद्येचं श्रेय ते त्याला देत नव्हते. आठव्या शतकातल्या एका कथेत मठातला किडकिडीत भिक्षू सेंगचोउ वज्रपाणी या बौद्ध रक्षक देवतेची प्रार्थना करतो, आणि वज्रपाणी त्या शाकाहारी पोराला दमदाटी करून मांस खायला लावतो, मग कुठे त्याच्या अंगात बळ येतं. मठातल्या १५१७ सालच्या शिलालेखात वेगळीच कथा आहे. १३५१ साली लाल फेटेवाल्या बंडखोरांनी मठावर चाल केली तेव्हा भटारखान्यातला एक नोकर चुलीतलं लाकूड घेऊन धावला, पर्वताएवढा झाला आणि शत्रू पळाले, तो देवाचा अवतार होता. खरं असं की बंडखोरांनी त्या काळात मठाची नासधूस केली आणि भिक्षूंनाच पळावं लागलं. पराभवाची आठवण विजयाच्या कथेत कशी बुजवली जाते, ते या शिळेवर कोरून ठेवलंय. पुढे लाठीचा हा देव मागे पडला आणि त्याच्या जागी बोधिधर्म आला. एका दंतकथेने दुसरीला हुसकावलं. तेव्हा ‘परंपरा असं सांगते’ असं कुणी म्हणालं, की कोणत्या सालची परंपरा, हे विचारणं भाग आहे.

दंतकथा बाजूला केल्यावर हाती काय उरतं? भरपूर उरतं. ६२१ साली ली शिमिन, जो पुढे तांग घराण्याचा सम्राट झाला, वांग शिचोंग या प्रतिस्पर्ध्याशी लढत होता. शाओलिनच्या तेरा भिक्षूंनी त्या लढाईत वांगच्या पुतण्याला पकडून दिलं. ली शिमिनचं आभारपत्र, मठाला मिळालेली जमीन, त्या तेरांची नावं असं सगळं ७२८ सालच्या शिळेवर आहे, आणि शिळा आजही मठात उभी आहे. हा पक्का पुरावा आहे. पण तो कशाचा? भिक्षू लढले याचा. ते कोणत्या पद्धतीने लढले, हातात काय होतं, याबद्दल शिळा गप्प आहे. मठाला जमिनी होत्या, आसपास लढाई पेटली होती आणि बाजू निवडणं भाग होतं, एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. त्यावरून ‘सातव्या शतकात शाओलिन कुंगफू होतं’ असा निष्कर्ष काढणारे दगडावर नसलेली ओळ वाचतात.

सोळाव्या शतकात मात्र धुकं विरळ होतं. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चाचे धुमाकूळ घालत होते, सरकारी फौज कमी पडत होती, आणि १५५३ साली भिक्षूंच्या तुकड्या त्यांच्याशी लढायला उतरल्या. त्यांचं शस्त्र होतं लाठी. मुठी नव्हेत, लाठी! त्या काळच्या लष्करी ग्रंथांत शाओलिनचं नाव येतं ते लाठीसाठी. यातही एक मासलेवाईक प्रसंग आहे. यू दायोउ हा सेनापती १५६१ च्या सुमारास खास लाठी पाहायला मठात गेला, आणि पाहून निराश झाला. तुमच्या जुन्या विद्येचं मर्म हरवलंय, असं त्याने भिक्षूंना तोंडावर सांगितलं. त्यांनी वाद न घालता दोन तरुण भिक्षू त्याच्यासोबत पाठवले. तो तीन वर्षं त्यांना छावणीत शिकवत राहिला. ते शिकून मठात परतले आणि त्यांनी इतरांना शिकवलं. मठातून विद्या जगात गेली असं आपण ऐकत आलो, इथे तर सैन्याकडून ती मठात आली आहे. अर्थात हे यू दायोउचं स्वतःचं कथन आहे, आणि सेनापती नम्र असतात अशी ख्याती नाही. तरी उलटी वाहतूक होती हे नक्की.

दुसरा साक्षीदार चेंग झोंगयोउ. या माणसाने शाओलिनमध्ये दहाहून जास्त वर्षं लाठी शिकली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. भिक्षू हल्ली मुठींच्या झुंजीकडे का वळलेत, या प्रश्नाला तो उत्तर देतो: मुठींची विद्या अजून देशात फारशी पसरलेली नाही, लाठीप्रमाणे तिलाही पैलतीराला न्यावं म्हणून ते तिच्यावर मेहनत घेतायत. म्हणजे ज्या विद्येला आपण दीड हजार वर्षांची समजतो, तिच्याबद्दल तिथे राहिलेला माणूस चारशे वर्षांपूर्वी ‘ही अजून नवी आहे’ असं सांगतोय. १८२८ साली लिनचिंग हा मांचू अधिकारी मठात आला, तेव्हा भिक्षूंनी आधी कानावर हात ठेवले. सरकारला लढणाऱ्या साधूंचा संशय होता. त्याने अभय दिल्यावर त्यांनी मुठींचे डाव दाखवले. तेव्हा तिथे कुंगफू होतंच. मात्र त्याचं वय बोधिधर्माच्या वयाशी जुळत नाही.

आता दुसरं मोठं नाव, झांग सानफेंग. वुडांग पर्वतावरचा ताओपंथी सिद्ध, त्याने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि ताई ची निर्माण केली, ही कथा ताई चीच्या वर्गांत हमखास सांगतात. मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात या सिद्धाचं चरित्र आहे, त्यात युद्धकलेचा शब्दही नाही. योंगल सम्राटाने त्याला शोधायला माणसं पाठवली होती, तो सापडला नाही. युद्धकलेशी त्याची पहिली गाठ पडते १६६९ साली, हुआंग झोंगशी या विचारवंताने वांग झेंगनान नावाच्या योद्ध्यासाठी लिहिलेल्या मृत्युलेखात. त्यात तो म्हणतो, शाओलिनची विद्या बाह्य, आणि तिच्याहून श्रेष्ठ एक अंतर्गत विद्या आहे. तिचा जनक सोंग काळातला झांग सानफेंग. सम्राटाच्या भेटीला निघाला असता रस्ता बंद पडला, रात्री स्वप्नात उत्तर दिशेच्या श्वानवू देवाने त्याला झुंजीचे डाव शिकवले, आणि सकाळी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटू नये. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारलं, सप्तशृंगीच्या गडावर आराधना केली, आणि मारुतीने लाकडाच्या खांबावर डाव दाखवले, असं मल्लखांबाबद्दल आपल्याकडे सांगतात. आव्हान, आराधना, देवाने शिकवणं, मग विजय. साचा तोच. यावरून कुणी कुणाची नक्कल केली असं नव्हे. नवी विद्या समाजाने स्वीकारावी तर ती नवी दिसता कामा नये, ही अडचण दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की बाळंभटदादा हा खराखुरा माणूस आहे, त्याची शिष्यपरंपरा आहे, मारुती काढून टाकला तरी मल्लखांब जागचा हलत नाही. झांग सानफेंग काढला तर वुडांगच्या पायथ्याच्या दुकानदारांना चिंता पडते.

हुआंग झोंगशीने हे का लिहिलं असावं? तो मिंग राजवटीचा निष्ठावान, तिला हटवून गादीवर आलेल्या मांचूंविरुद्ध लढलेला. ज्याच्यावर मृत्युलेख लिहिला तो वांगही त्या प्रतिकारात होता आणि हरल्यावर शेतात राबत राहिला. लेखात मांचू राजवटीचं वर्षनाम वापरायचंही हुआंगने टाळलं. बाहेरून आलेल्या बौद्ध धर्माची विद्या ती बाह्य, देशी ताओपंथाची ती अंतर्गत. बाहेरच्याला आतल्याने नमवलं. आणि बाहेरून आलेले मांचू गादीवर बसलेत. काही अभ्यासक या मृत्युलेखात असा राजकीय टोमणा वाचतात, आणि मला ते पटतं. हुआंगसारख्या कठोर बुद्धीच्या माणसाने स्वप्नातल्या देवाची कथा भाबडेपणाने लिहिली असेल, हे मानणं जास्त अवघड आहे. पुढच्यांनी टोमणा गाळला आणि वंशावळ तेवढी ठेवली. ताई चीशी तर या लेखाचा काही संबंधच नव्हता, तो नंतरच्या लोकांनी जोडला.

दक्षिणेकडची जळालेल्या शाओलिनची कथा, त्यातून निसटलेले पाच पूर्वज आणि त्यांनी स्थापलेले गुप्त संघ, ही याच जातकुळीची. तियानदीहुई या संघाचा उगम १७६१-६२ च्या सुमारास फूजियानमध्ये एका भटक्या भिक्षूपाशी असल्याचं तपासाच्या सरकारी कागदांतून दिसतं. गरीब, घरापासून तुटलेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी तो काढला होता. त्याला बलिदानाचा इतिहास नंतर मिळाला. आज फूजियानमधली तीन ठिकाणं ‘खरं दक्षिण शाओलिन आमच्याकडेच’ म्हणून भांडतात.

या सगळ्याची पहिली कसून झडती घेतली ती तांग हाओने. पेशाने वकील, आणि स्वतः तालमीत घाम गाळलेला. १९२८ साली नानजिंगला सरकारी ग्वोशू, म्हणजे राष्ट्रीय युद्धकलेची, संस्था निघाली, तेव्हा तिचे दोन विभाग केले होते, शाओलिन आणि वुडांग. दोन्ही विभागांचे प्रमुख एकमेकांवर धावून गेले, इतकी तेढ वाढली, आणि विभागणी मोडीत काढावी लागली. त्याच संस्थेत काम करताना तांग हाओने १९३० साली छोटं पुस्तक काढून दाखवलं, की बोधिधर्माने शाओलिनची विद्या दिली नाही आणि झांग सानफेंगने वुडांगची. ज्या दोन नावांवरून डोकी फुटत होती, ती दोन्ही नावं कागदोपत्री पोकळ निघाली. उस्ताद मंडळी खवळली, यात नवल नाही. पुढे तो चेनजियागौ या हेनानमधल्या खेड्यात गेला, तिथल्या चेन घराण्याची वंशावळ आणि जुने कागद पाहिले, आणि ताई चीचा उगम सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंग या निवृत्त लढवय्यापाशी आणून ठेवला. सेनापती छी जिगुआंग याच्या १५६० सालच्या लष्करी ग्रंथात निःशस्त्र झुंजीच्या बत्तीस स्थिती आहेत, त्यांपैकी बहुतेक चेन घराण्याच्या डावांत नावानिशी सापडतात, हा त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा. विद्येचा धागा सिद्धांच्या गुहेतून निघून शिपायांच्या कवायतीपाशी पोचला.

तांग हाओबद्दल मला आदर आहे, पण त्याचा निकालही अंतिम म्हणून मिरवू नये. वंशावळीतली चेन वांगथिंगबद्दलची नोंद तो ‘चेन घराण्याच्या मुठी, तलवार, भाला यांचा आद्य निर्माता’ होता असं म्हणते. त्याच्या नावावरच्या कवितेत मन उदास झालं की डाव रचतो, हंगाम आला की शेत नांगरतो, अशा ओळी आहेत. यावरून त्याने काहीतरी रचलं हे दिसतं. ते ताई चीच होतं, हे सिद्ध व्हायला मधले दुवे लागतात. तांग हाओचाच समकालीन शू झेन हा तितकाच काटेकोर संशोधक, तो या निष्कर्षाशी सहमत नव्हता. युनेस्कोने २०२० साली ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेताना उगम सतराव्या शतकाच्या मध्यावर, चेनजियागौत धरला. सिद्धाची कथा अधिकृत कागदातून गेली हे चांगलं झालं, पण वादातला एक पक्ष त्या कागदावर निकाल होऊन बसला. यापेक्षा ली यीयू बरा. एकोणिसाव्या शतकातला हा ताई चीचा जाणकार १८८१ साली लिहितो, की ताई ची कुणापासून सुरू झाली ते ठाऊक नाही. मला या सगळ्या वाङ्मयातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. उस्तादाने हे लिहावं याला हिंमत लागते, कारण शिष्य अज्ञाताला गुरुदक्षिणा देत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. खेड्यातले शिपाई, हमाल, काफिल्यांचे रखवालदार यांची विद्या कागदावर कधीच आली नाही. कागद मागणं म्हणजे लिहिणाऱ्यांच्याच बाजूने निकाल देणं. मौखिक परंपरेला काही किंमत नाही का? आहे. पण मौखिक परंपरेचंही वय पाहावं लागतं. हा वाद मराठी माणसाला पाठ आहे. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली होती. त्यानंतर बखरी कुणी जाळल्या नाहीत. सभासदाने शिवाजी महाराजांच्या पश्चात वीसएक वर्षांच्या आत लिहिलेलं आणि चिटणिसांनी शतकभरानंतर लिहिलेलं यांना सारखं वजन द्यायचं नाही, एवढं आपण शिकलो. चेन घराण्यातल्या आठवणींना मी दोन-तीन पिढ्यांपर्यंत बराच मान देईन. अकराशे वर्षांनंतर उगवलेल्या पोथीला देणार नाही. आणि खरं तर त्या बिननावाच्या रखवालदारांवर अन्याय कागदाने केला त्याहून जास्त दंतकथेने केला. त्यांच्या पिढ्यांनी रोजच्या मारामारीतून, शेतातून, छावणीतून जे घडवलं, त्याचं श्रेय कुणा राजपुत्राला आणि सिद्धाला देऊन टाकलं.

दुसरा घोळ हल्ली वाढलाय. २०१७ च्या एप्रिलमध्ये चेंगदूला शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने एका ताई ची उस्तादाला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं. चित्रफीत जगभर गेली. त्यानंतर शू श्याओदोंगला आपल्याच देशात तोंड दाबून राहावं लागलं, ते वेगळंच प्रकरण. पण त्या चित्रफितीवरून ‘चिनी युद्धकलांचा सगळा इतिहास थोतांड’ असं म्हणणारे निघाले. एखादा डाव आज चालतो की नाही, याचा निकाल आखाड्यात लागेल. तो डाव कुणी, कधी रचला, याचा निकाल कागदपत्रांवरच लागेल. छी जिगुआंगने तर १५६० सालीच लिहून ठेवलंय, की मुठींची विद्या मोठ्या लढाईत फारशी कामाची नाही, पण नवशिक्याचे हातपाय तयार करायला चांगली. ज्याच्या ग्रंथातून ताई चीचे डाव आले असं आपण म्हणतो, तोच हे म्हणतोय. १५८४ च्या सुधारित आवृत्तीत त्याने ते प्रकरणच काढून टाकलं. तेव्हा उस्ताद हरला म्हणून इतिहास हरत नाही, तसा उस्ताद जिंकला म्हणून तो जिंकतही नाही.

विसाव्या शतकात राष्ट्र या कल्पनेला शरीर हवं होतं, म्हणून या कथा इतक्या फोफावल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनच्या ग्वोशू पथकाने तिथे प्रात्यक्षिकं केली, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तिथे भारतीय व्यायामप्रकार दाखवायला गेलं होतं. गुलामीत किंवा अपमानात असलेल्या दोन समाजांनी ‘आमच्याकडेही बळाची प्राचीन विद्या आहे’ असं जगाला सांगणं मला पूर्ण समजतं. त्या काळी त्या भावनेने माणसं उभी केली. आज मात्र तीच भावना सरकारी पर्यटनाच्या फलकांवर, वारशाच्या अर्जांवर आणि आपल्याकडे ‘जगाला सगळं आम्हीच दिलं’ या यादीत बसलीय. क्लासमधल्या मास्तरांनी मुलांना गोष्ट म्हणून बोधिधर्म जरूर सांगावा, फक्त सांगताना १६२४ हे सालही सांगावं. पाठ्यपुस्तकात, प्रमाणपत्रावर, मंत्र्याच्या भाषणात तो इतिहास म्हणून येऊ नये.

आणि शाओलिनशी भारताचं नातं हवंच असेल, तर ते उसनं आणायची गरज नाही. वज्रपाणी इथूनच गेलेला आहे. मठ तर ४९५ साली सम्राट श्याओवेनने बांधला तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी, आणि हे चिनी इतिहासग्रंथांतच नोंदलेलं आहे. दाओश्वान सांगतो, की लुओयांगमध्ये विहिरीच्या कठड्यावर उभा राहून पिसांचं खेळणं पायाने सलग पाचशे वेळा उडवणारा बारा वर्षांचा पोरगा बातुओने पाहिला आणि त्याला शिष्य करून घेतलं. तो पोरगा हुइग्वांग पुढे मोठा विनयाचार्य, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचा जाणकार, झाला. बातुओने मात्र कुणाला ठोसा मारायला शिकवलं नाही, म्हणून आपल्या अभिमानाच्या यादीत त्याचं नाव सहसा दिसत नाही.